'नॉनपरेल' म्हणजे काय? बरोबरी नसलेल्या शब्दाचा अर्थ आणि उगम टप्प्याटप्प्याने

इंग्रजी वाचताना 'नॉनपरेल' हा शब्द आडवा आला की बहुतेक जण मागचापुढचा मजकूर पाहून 'फार उत्तम' असा अर्थ लावतात आणि पुढे सरकतात. त्या वाक्यापुरतं काम भागतंही. मग कधीतरी केकवर पेरायच्या साखरेच्या बारीक दाण्यांवर हेच नाव दिसतं, छपाईच्या एखाद्या जुन्या पुस्तकात ६ पॉइंटच्या खिळ्यांना नॉनपरेल म्हटलेलं आढळतं, कॅलिफोर्नियातल्या बदामाच्या एका जातीचं नावही तेच निघतं. तिथे 'फार उत्तम' कामाला येत नाही.

अशा शब्दाचा अर्थ आणि उगम स्वतः कसा शोधून काढायचा, ते या लेखात एकाच शब्दावर सगळे टप्पे चालवून दाखवलं आहे. हीच रीत 'पीअरलेस', 'मॅचलेस', 'पॅरागॉन' अशा त्याच्या शेजाऱ्यांनाही लागू पडते, आणि ते शेजारीही वाटेत भेटतीलच.

टप्पा १ : कोश उघडण्याआधी वाक्य उतरवून घ्या

शब्द एकटा उचलून कोशात शोधू नका. तो ज्या वाक्यात भेटला ते अख्खं वाक्य लिहा आणि तिथे तो कोणतं काम करतो आहे ते पाहा. 'नॉनपरेल' वाक्यात कुठे बसला आहे यावरून निम्मा अर्थ उलगडतो.

'अ स्टोरीटेलर नॉनपरेल' असं वाचलंत तर ते विशेषण आहे, पण नामाच्या मागे उभं आहे. इंग्रजीत विशेषण सहसा पुढे येतं; ते मागे गेलं की बऱ्याचदा ती फ्रेंच वळणाची खूण असते. 'अटर्नी जनरल', 'एअर अपॅरंट' ही त्याच वळणाची उदाहरणं. 'द नॉनपरेल ऑफ ब्यूटी' इथे तो नाम झाला आहे: जिच्या तोडीचं कुणी नाही अशी व्यक्ती. 'अ टीस्पून ऑफ नॉनपरेल्स' इथे अनेकवचन आहे, शिवाय माप आहे. म्हणजे स्तुतीचा प्रश्नच नाही, ते साखरेचे दाणे. एन हे अक्षर मोठं असेल आणि शेजारी बदाम किंवा सफरचंद असेल, तर ते जातीचं नाव समजा.

टप्पा २ : स्पेलिंग आणि उच्चार

स्पेलिंग आहे एन-ओ-एन-पी-ए-आर-ई-आय-एल, मध्ये जोडरेघ नाही. अमेरिकी उच्चारात जोर शेवटच्या 'रेल'वर येतो. ब्रिटिश उच्चारात तोच 'रे' लांबवलेलाही ऐकू येतो. फ्रेंच माणूस मात्र शेवटी 'ल' म्हणतच नाही. त्याच्या तोंडी तो साधारण 'नोंपारेय' असा येतो. जुन्या इंग्रजी मजकुरात या शब्दाची स्पेलिंगं निरनिराळी सापडतात. त्यामुळे जुन्या पुस्तकांत शोध घ्यायचा असेल तर एकाच रूपावर विसंबू नका. शेवटी दोन एल, मध्ये जोडरेघ, 'ई-आय'च्या जागी 'आय-ई' किंवा नुसतंच 'ई' अशी रूपंही शोधून पाहा.

टप्पा ३ : कोणता कोश, आणि त्यातला कितवा अर्थ

इंग्रजी कोशांत अर्थांचा क्रम लावण्याच्या दोन पद्धती आहेत, आणि हे ठाऊक नसल्यामुळे पुष्कळांची दिशाभूल होते. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी हा मोठा ऐतिहासिक कोश. त्याचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि पहिली आवृत्ती १९२८ मध्ये पुरी झाली. त्यात जुना अर्थ आधी, नवा नंतर. मेरियम-वेबस्टरचा मोठा कोशही साधारण याच रीतीने जातो. शिकणाऱ्यांसाठीचे कोश उलट चालतात: आज जो अर्थ जास्त वापरात आहे तो पहिला. त्यामुळे 'पहिला अर्थ म्हणजे खरा अर्थ' हे गृहीतक सोडून द्या. उगम शोधायचा असेल तर ऐतिहासिक कोश हवा, पत्र लिहायचं असेल तर शिकणाऱ्यांचा कोश पुरतो.

मोठा ऑक्सफर्ड कोश इंटरनेटवर वर्गणी भरून मिळतो. काही ग्रंथालयं सभासदांना तो वापरू देतात. नसेल तर डग्लस हार्पर यांनी उभारलेली 'एटिमऑनलाइन' ही व्युत्पत्तीची साइट मोफत आहे आणि बहुतेक गरजांना पुरेशी आहे.

टप्पा ४ : व्युत्पत्तीची ओळ वाचायची कशी

कोशात शब्दाजवळ बारीक टाइपात एक ओळ असते, आणि बहुतेक वाचक ती ओलांडून जातात. 'नॉनपरेल'ची ओळ मराठीत मांडली तर अशी होते: इंग्रजीत १५व्या शतकाच्या मध्यापासून नोंद, मागे फ्रेंच 'नॉन' म्हणजे 'नाही' अधिक 'पारेय' म्हणजे 'सारखा', त्याच्या मागे बोली लॅटिनमधलं '*पारिकुलुस', आणि मुळाशी लॅटिन 'पार', अर्थ 'समान'.

या ओळीतल्या तीन गोष्टी नीट पाहा.

पहिली, 'पारिकुलुस'च्या डोक्यावरची चांदणी. व्युत्पत्तीच्या ओळीत शब्दापुढे चांदणी असली की ते रूप प्रत्यक्ष लेखी सापडलेलं नसतं, पुढच्या भाषांतल्या रूपांवरून अभ्यासकांनी मागे जाऊन रचलेलं असतं. तो अंदाज असतो, पण नियमाने बांधलेला. फ्रेंचमध्ये सूर्याला 'सोलेय' म्हणतात आणि कानाला 'ओरेय'. त्यांची मागची लॅटिन रूपं 'सोलिकुलुस' आणि 'आउरिकुला'. शेवटी तोच घाट, म्हणून 'पारेय'मागे 'पारिकुलुस' मानणं सयुक्तिक ठरतं.

दुसरी, तो '-कुलुस' प्रत्यय. हा लघुत्ववाचक आहे, पण बोली लॅटिनमध्ये तो इतका सरसकट लागू लागला की लहानपणाचा भाव त्यातून गळून गेला. फ्रेंच सूर्य काही 'छोटासा सूर्य' नाही. हे लक्षात ठेवा, पुढे एका ठिकाणी फसगत टाळायला उपयोगी पडेल.

तिसरी, 'नॉन'. हा लॅटिन शब्दही सुटा नाही: 'ने' आणि 'ऊनुम' मिळून झालेला, शब्दशः 'एकही नाही'. त्यातला 'ने' आणि संस्कृतातला 'न' एकाच मुळाचे. म्हणजे आपण रोज 'नाही' म्हणतो त्यातला 'न' आणि या परक्या वाटणाऱ्या शब्दाचं पहिलं अक्षर यांचं नातं आहे. मात्र लगेच 'पार'ला संस्कृत 'पर'शी जोडायला जाऊ नका. दोन अक्षरं जुळणं म्हणजे नातं नव्हे, आणि ओळीत जिथे 'बहुधा' लिहिलेलं असेल तिथे आपणही थांबावं.

टप्पा ५ : भावकी गोळा करा

मूळ सापडलं की त्याच मुळाचे इतर शब्द शोधा. सर्वांत जास्त वेळ द्यावा तो इथे, कारण शब्दाचा स्वभाव त्याच्या भावकीतून कळतो.

लॅटिन 'पार'ची इंग्रजीतली भावकी मोठी आहे. 'पेअर' म्हणजे जोडी, 'पॅरिटी' म्हणजे समानता, 'कंपेअर' म्हणजे शेजारी ठेवून तोलणं, गोल्फमधला आणि शेअरबाजारातला 'पार', हे सगळे त्यातलेच. 'डिस्पॅरेज' म्हणजे कमी लेखणं. त्याचा फ्रेंचमधला आधीचा अर्थ होता आपल्या दर्जाखालच्या घरात लग्न करणं किंवा लावून देणं, म्हणजे पुन्हा बरोबरीचाच हिशेब.

'पीअर'ची गोष्ट जरा थांबून पाहण्यासारखी आहे. या शब्दाचा अर्थ बरोबरीचा माणूस. १२१५च्या मॅग्ना कार्टात स्वतंत्र माणसाला त्याच्या बरोबरीच्यांच्या न्यायनिवाड्याशिवाय तुरुंगात टाकता येणार नाही, असं कलम आहे. सनद लॅटिनमध्ये आहे आणि तिथे शब्द आहे 'पारियुम', म्हणजे 'पार'चंच षष्ठी बहुवचन. पुढे ब्रिटनमध्ये 'पीअर' म्हणजे उमराव झाला. उमराव आपसांत समान म्हणून 'पीअर', पण बाकीच्यांपेक्षा वरचा! समानतेचा शब्द असा शिडी चढून गेला. 'पीअरलेस' हे विशेषण मात्र जुन्या अर्थाला धरून राहिलं: ज्याच्या बरोबरीचा कुणी नाही तो. इंग्रजीत ते 'नॉनपरेल'पेक्षा जुनं आहे, १३००च्या आसपासचं.

आणि आता 'अंपायर'. क्रिकेट पाहणाऱ्या कुणालाही हा शब्द समजावून सांगावा लागत नाही, पण तो 'नॉनपरेल'चा सख्खा भाऊ आहे हे ऐकून बहुतेक जण चकित होतात. जुन्या फ्रेंचमध्ये 'नॉनपेर' म्हणजे विषम, जोडी न जुळणारा. दोन पक्ष भांडत असतील तर निवाड्यासाठी तिसरा लागतो. तो कोणाच्याच जोडीतला नाही, म्हणून 'नॉनपेर'. मध्ययुगीन इंग्रजीत त्याचं 'नूम्पेर' झालं. मग 'अ नूम्पेर' हे बोलण्यात 'ॲन ऊम्पेर' असं ऐकू येऊ लागलं, 'न' शब्दातून निसटून उपपदाला चिकटला आणि 'अंपायर' उरला. 'ॲप्रन'चंही असंच झालं. तो आधी 'नॅप्रन' होता, नॅपकिनच्या घराण्यातला. 'निकनेम'मध्ये उलट घडलं: 'ॲन एकनेम'मधला 'न' पुढे सरकून शब्दात शिरला.

आता दोन्ही भाऊ शेजारी ठेवा. घटक तेच: 'नाही' आणि 'समान'. एकात 'समान नाही' याचा अर्थ निघाला 'याच्याइतका कुणीच नाही', म्हणजे सर्वश्रेष्ठ. दुसऱ्यात निघाला 'हा दोघांपैकी कुणाच्या जोडीचा नाही', म्हणजे तटस्थ. नुसते घटक फोडून कोणता अर्थ निघेल ते सांगताच आलं नसतं. व्युत्पत्ती माहीत असली की अर्थ कळलाच, असं समजणाऱ्यांना मी हीच जोडी दाखवतो. घटक फक्त वाट दाखवतात. शब्द त्या वाटेने कुठवर गेला ते वापर तपासल्याशिवाय कळत नाही.

टप्पा ६ : खोटे नातेवाईक बाहेर काढा

भावकी गोळा करताना दिसायला सारखे पण परके शब्दही गोळा होतात. 'प्रिपेअर' हा 'कंपेअर'शी यमक जुळवतो, पण तो लॅटिन 'पारारे' म्हणजे 'सज्ज करणे' यातून आलेला आहे. 'पॅरलल' ग्रीक आहे: 'पारा' म्हणजे बाजूला आणि पुढे 'एकमेकांच्या' अशा अर्थाचा शब्द. त्यामुळे 'अनपॅरललड' हाही अतुलनीय श्रेष्ठत्वाचाच शब्द असला तरी 'पार'शी त्याचं नातं नाही.

सर्वांत फसवा म्हणजे 'पॅरागॉन'. अर्थ 'आदर्श नमुना', सुरुवात 'पार'ने, त्यामुळे कुणीही त्याला 'नॉनपरेल'च्या पंगतीत बसवेल. प्रत्यक्षात तो इटालियन 'पारागोने'वरून फ्रेंचमार्गे इंग्रजीत १६व्या शतकात आला, आणि 'पारागोने' म्हणजे कसोटीचा दगड, ज्यावर सोनं घासून त्याचा कस पाहतात तो. त्याच्या मागे ग्रीक 'आकोने', म्हणजे धार लावायचा दगड. 'नॉनपरेल' म्हणतो की बरोबरी करायला कुणी नाही. 'पॅरागॉन' म्हणतो की बाकीच्यांना यावरच घासून पाहा. एक तुलना नाकारतो, दुसरा तुलनेचं मापच होऊन बसतो. मराठीत 'निकष' शब्दाचा मूळ अर्थही कसोटीचा दगडच, म्हणून 'पॅरागॉन'ची ही चाल आपल्याला लगेच पटते.

याच टप्प्यावर लोककथाही चाळून टाका. एखादा जुना शब्द आद्याक्षरांपासून बनल्याची सुरस गोष्ट कुणी सांगितली तर आधी संशय घ्या. 'पॉश' हा जहाजाच्या तिकिटावरच्या चार आद्याक्षरांपासून आला, ही कथा जगभर फिरते. तिला आधार सापडलेला नाही. आद्याक्षरांचे शब्द बनवण्याची चाल मुख्यतः २०व्या शतकातली आहे.

टप्पा ७ : वापराचे दाखले, तारखांसह

कोशातली तारीख म्हणजे शब्दाचा जन्म नव्हे, ती सापडलेली सर्वांत जुनी लेखी नोंद. बोलण्यात शब्द त्याआधीही असतो. दाखले वाचताना तीन प्रश्न विचारायचे: कोण म्हणतो, कुणाबद्दल, आणि मनापासून की खोचक?

शेक्सपिअरने हा शब्द बऱ्याच नाटकांत वापरला आहे. 'ट्वेल्फ्थ नाइट'मध्ये व्हायोला ऑलिव्हियाला सांगते की तू सौंदर्याची नॉनपरेल म्हणून मुकुट घातलेली असलीस तरी माझ्या धन्याच्या प्रेमाची जेमतेमच फेड होईल. 'टेम्पेस्ट'मध्ये मिरांडाला तिचा बाप नॉनपरेल म्हणतो, हे आपल्याला कॅलिबनच्या तोंडून कळतं. पण खरा धडा 'मॅकबेथ'मध्ये आहे. तिथे मॅकबेथ हा शब्द वापरतो तो भाडोत्री मारेकऱ्यासाठी: बँको या सरदाराचा मुलगा फ्लिअन्स यालाही तूच संपवलं असशील तर तू नॉनपरेल. आणि पुढच्याच वाक्यात मारेकरी सांगतो, फ्लिअन्स निसटला. तेव्हा या शब्दात सद्गुणाची अट नाही. आपल्या कामात, ते काम कसंही असो, बरोबरी नसली की झालं. 'पॅरागॉन' मात्र बहुधा सद्गुण, शिस्त, संयम असल्या गोष्टींच्या संगतीत आढळतो.

१६०८ मध्ये छापलेल्या व्हर्जिनियाच्या वृत्तांतात जॉन स्मिथने पोकाहॉन्टसला तिच्या मुलखाची नॉनपरेल म्हटलं आहे. त्यानंतर थेट १९व्या शतकातल्या मुष्टियुद्धाच्या रिंगणात या. जॅक डेम्पसी नावाचा आयर्लंडात जन्मलेला मुष्टियोद्धा (१८६२–१८९५) मिडलवेटचा जगज्जेता होता आणि 'द नॉनपरेल' हीच त्याची पदवी होती. १८९१ मध्ये बॉब फिट्झसिमन्सने त्याला हरवलं, तरी पदवी काही गेली नाही. डेम्पसी हे त्याचं जन्मनाव नव्हतं. तो मूळचा केली. पुढे १९१९ मध्ये हेवीवेटचा जगज्जेता झालेल्या दुसऱ्या डेम्पसीने 'जॅक' हे नाव याच्याकडून उचललं. ज्याच्या बरोबरीचा कुणी नाही म्हणून गाजलेल्या माणसाचं नावच दुसऱ्याने घ्यावं, हा योगायोग गमतीचा खरा.

टप्पा ८ : स्तुतीचं नाव कधी झालं ते पाहा

विक्रेत्याला आपल्या मालासाठी सर्वांत मोठं विशेषण हवं असतं. ते पुरेसे दिवस वापरलं की स्तुती आटते आणि उरतं नुसतं नाव. इंग्लंडमधली सफरचंदाची एक जुनी जात, कॅलिफोर्नियातला बदाम, निळं डोकं, हिरवी पाठ आणि लाल पोट असलेला पेंटेड बंटिंग पक्षी, हे सगळे अशा रीतीने नॉनपरेल झाले.

काही नॉनपरेल मात्र चमत्कारिकपणे एकाच बाजूला झुकलेले दिसतात. छपाईत नॉनपरेल म्हणजे ६ पॉइंटचा टाइप, १२ पॉइंटच्या पायकाच्या निम्मा, इंचात १२ ओळी बसतील इतका बारीक. मिठाईत नॉनपरेल म्हणजे मोहरीएवढे साखरेचे दाणे, आणि त्यांनी मढवलेली चॉकलेटची चकतीही. केपर नावाच्या झुडपाच्या खारवलेल्या कळ्यांची प्रतवारी आकारावरून करतात. तिथे नॉनपरेल म्हणजे सर्वांत लहान, ७ मिलिमीटरपर्यंतची कळी. तिन्हीकडे 'सर्वोत्तम' सरकत सरकत 'अगदी बारीक' झाला आहे.

इथेच मघाचा '-कुलुस' आठवून कुणी म्हणेल की लहानपणाचा अर्थ मुळातच होता. नव्हता. तो भाव फ्रेंचमध्ये येईपर्यंत विरून गेला होता, आणि इंग्रजीतले आरंभीचे दाखले माणसांच्या थोरवीचे आहेत. माझा आपला तर्क असा की या कामांत बारीक काढणं हेच कौशल्याचं आणि म्हणून मोलाचं असतं. पण तर्क हा तर्क म्हणूनच वेगळा लिहून ठेवावा, नोंदीत मिसळू नये. शिवाय उलट पुरावा हाताशी आहे: 'पॅरागॉन'ही टाइपाच्या एका आकाराचं नाव झालं, आणि तो २० पॉइंटचा, चांगला ठसठशीत. निर्दोष आणि १०० कॅरटच्या वरच्या हिऱ्यालाही पॅरागॉन म्हणतात.

एखाद्या राजवाड्याचंही असं होऊ शकतं. आठव्या हेन्रीने १५३८ मध्ये सरे परगण्यात एक महाल बांधायला घेतला आणि त्याला नाव दिलं 'नन्सच', म्हणजे असा दुसरा नाही. दीडशे वर्षांच्या आत तो पाडून त्याचं सामान विकलं गेलं. नाव मात्र त्या परिसराला चिकटून राहिलं आहे.

टप्पा ९ : शेजारी शब्दांतला फरक आणि मराठी

'मॅचलेस' आणि 'पीअरलेस' साध्या गद्यात खपतात. 'इनिमिटेबल' म्हणजे ज्याची नक्कल जमत नाही असा. ती नेहमीच स्तुती नसते. 'युनिक' म्हणजे एकमेव, चांगलं की वाईट ते त्यात नाही. 'नॉनपरेल' यांपैकी सर्वांत नटलेला आहे. बायोडेटात किंवा कामाच्या पत्रात तो घातला तर वाचणारा हसण्याचीच शक्यता जास्त. सत्काराच्या भाषणात किंवा किंचित थट्टेच्या सुरात तो शोभतो. त्याला 'मोस्ट' किंवा 'व्हेरी' लावू नये, बरोबरी नसण्यात कमीजास्त होत नाही.

मराठीत आणताना घडणीने सर्वांत जवळचा शब्द 'बेजोड' किंवा 'अजोड', कारण त्यातही जोड नाकारलेली आहे. 'अप्रतिम' अर्थाने बरोबर आहे, पण आपण तो चहापासून सूर्यास्तापर्यंत सगळ्याला लावून पार झिजवला आहे. 'बिनतोड' युक्तिवादाला आणि उत्तराला चालतो, सौंदर्याला नाही. बऱ्याचदा विशेषण सोडून वाक्यच फिरवलेलं बरं: 'अ स्टोरीटेलर नॉनपरेल' याचं 'बेजोड कथाकार' व्याकरणात बसतं, पण 'गोष्ट सांगावी तर त्यानेच' हे मराठी आहे. मॅकबेथच्या वाक्यात 'मग तुझ्यासारखा तूच' एवढं पुरतं. आणि पाककृतीत 'नॉनपरेल्स' आले तर 'केकवर पेरायचे साखरेचे बारीक दाणे' असं सरळ लिहा. केपरच्या बाटलीवरचा शब्द मात्र तसाच ठेवा, तिथे तो आकाराची प्रत सांगतो आहे.